ऑइल प्रेशरचा काटा

गाडीतलं मला सगळं कळतं. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही!

माझी गाडी तेवीस वर्षांची. सिग्नलला थांबली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. माझे बाबा, सीताराम, यांनी गिरणीत तीस वर्षं मशिनींना तेल घातलंय. त्यांनी बॉनेटवर कान टेकवला.

"बेअरिंग झिजला हा, जयवंता. फट वाढली, तेल बाजूक गळता. ताच बदल."

बदल म्हणे! मी मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले होते. दुकानातलं सगळ्यात जाड तेल आणून ओतलं, वर प्रेशर दाखवणारा नवा काटा बसवला. दिवा गायब! काटा उत्तर येणाऱ्या पोराच्या हातासारखा वर!

"बघा बाबा, दाब किती!"

"दाब आसा. पण तेल पोचता काय?" बाबा म्हणाले. "इंजिनातलो फिरतो दांडो बेअरिंगाक टेकाक नये, तेलावर तरंगाक व्हयो. ह्या जाड तेल थयसर जातला कधी?"

"बाबा, ही गिरणी नाही!"

दोन दिवसांनी शीवच्या कचेरीत जायचं होतं. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत बाबांचं नाव लागलं होतं. कितीतरी वर्षं वाट बघून! कागद दाखवायचा तो शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत.

"टॅक्सीनं जा," मेघना, माझी बायको, म्हणाली.

"घरची गाडी असताना?"

साडेतीनला लालबागहून निघालो. दोन दिवस थंड पडलेलं इंजिन मी चालू केल्या केल्या रेस केलं. परळच्या पुलाच्या चढावर टकटक सुरू झाली.

"थांबय!" बाबा ओरडले.

"काटा वर आहे, बाबा!"

टकटकीचं खाडखाड झालं. मग एक कचकन आवाज, आणि पुलाच्या मधोमध इंजिन जाम! तेव्हा कुठे काटा शून्यावर पडला. मागे हॉर्नचा कल्लोळ.

"टॅक्सी बघूया," बाबा म्हणाले.

"पाच मिनिटं! आत्ता चालू करतो!"

ती पाच मिनिटं पाऊण तास चालली. हवालदार आला. मी उतरून जीव खाऊन ढकलू लागलो. गाडी तसूभर हलेना.

"साहेब, आधी न्यूट्रलला तर टाका!"

पुलावर टॅक्सी थांबत नाही. कागदांची पिशवी छातीशी धरून, कठडा चाचपत बाबा पूल उतरले. मी मागून "सावकाश, सावकाश" म्हणत होतो. घाई माझ्यामुळेच होती. खाली टॅक्सी मिळेपर्यंत आणखी अर्धा तास गेला.

पाच वाजून दहा मिनिटांनी पोचलो. खिडकी बंद. आतला माणूस कुलूप लावता लावता म्हणाला, "आज शेवटचा दिवस होता, आजोबा." बाबांनी हात जोडले. मला तिथे उभं राहवेना. पुढे महिन्याभरानं ते घर प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या कुणाला मिळालं.

त्या संध्याकाळी अख्खी चाळ जिन्यात पेढ्यांची वाट बघत होती.

"काय झालं, सीतारामभाऊ?"

"माझे गुडघे, दुसरा काय! चलाक उशीर झालो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. वर म्हणालो, "किती वेळा सांगितलं यांना, गुडघे दाखवून घ्या!"