नाडीवरून पट्टा

पायजम्याच्या नाडीवरून चामड्याचा पट्टा आवळणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. आमचे शेजारी प्रल्हादभाऊ. मूर्तिजापुरात त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाला कुलपं दोन, सायकलला साखळ्या दोन. काहून म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं, "मास्तर, रिस्क घ्याची नाई!" बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पण गॅस बंद केला का ते बघायला गडी अजून कोपऱ्यावरून परत फिरतो.

हौस म्हणाल तर एकच, रोडग्यांची. पार्टी कुणाचीही असो, कणीक भाऊच मळणार. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे तुपात कुस्करणार, तेही त्यांच्याच हातानं. दुसऱ्या कुणी परातीला बोट लावलं की खेकसलेच, "सरक बे तिकडं!"

आणि परवाच्या शेतातल्या पार्टीत हाच माणूस दूर बाभळीखाली जाऊन बसला! "आज माह्या हाताची कणीक नको," म्हणाला.

"काहून? सुतक हाय का?" मी विचारलं.

भाऊंचे डोळे भरून आले. मला विहिरीमागं नेऊन त्यांनी सांगितलं ते असं. अमरावतीला मंदाताई म्हणून एक विधवा बाई आहेत, शिवणकाम करतात. त्यांचा कूलर दुरुस्त करता करता ओळख वाढली. दोघंही एकटे. एका दुपारी व्हायचं ते झालं.

"निरोध वापरला ना?" मी हळूच विचारलं.

"दोन," भाऊ म्हणाले. "एकावर एक."

मला हसू आवरेना. पण भाऊ रडकुंडीला आले होते. "तरी तिथं आग होऊन राहिली, मास्तर. रोग लागला मले. कणकीतून साऱ्यायले लागीन."

बाप्पा! कणकेतून कुठं असले रोग लागतात? पण ऐकतो कोण! गावातल्या डॉक्टरांचे कूलर भाऊंनीच दुरुस्त केलेले, सगळे ओळखीचे, म्हणून आम्ही अकोल्याला गेलो. भर उन्हात गड्यानं तोंडाला मफलर गुंडाळलेला. आत पाहतो तर डॉक्टरीणबाई! भाऊंनी सरळ माझ्याकडं बोट केलं. "यायले दाखवाचं हाय."

माझं तर तोंड उतरलं. "बाई, पेशंट हे हायत," मी ओरडलोच. दाराबाहेरच्या बाकावरचे सगळे वळून पाहू लागले.

मग फरशीकडं बघत भाऊंनी सारं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एकच पुरतो हो. दोन घातले की घासून फाटायची भीती उलट जास्त." भाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग कळलं की जखम धुवायच्या औषधानं हा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ तिथं धूत होता. "मग आग नाही होणार तर काय होईल!" बाई म्हणाल्या. तपासण्या झाल्या, सगळं साफ निघालं. खात्रीसाठी पुढं एकदा पुन्हा तपासा म्हणाल्या, आणि कणीक खुशाल मळा.

मला वाटलं, भाऊ आता नाचतील. ते बसस्टँडच्या पायरीवर मटकन बसले.

"अमरावतीची बाई रोज फोन करून राहिली, मास्तर. मी उचललाच नाई." तोंडावरचा मफलर सोडत म्हणाले, "त्या दुपारी ते दोन पाहून मले म्हणे, 'माह्यी इतकी काळजी आजवर कोनीच केली नाई.' अन् मी त माह्यासाठीच भेत होतो. घरी येऊन असं आंग घासलं, जशी ते बाई म्हंजे घाणच. लय लाज वाटून राहिली."

"मंग लावा ना फोन!" मी चिडून म्हणालो.

दोन्ही हातांनी धरून त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "अवो, तब्येत बरी हाय ना तुमची? मले वाटलं, काही झालं की काय!"

मफलरनं भाऊंनी डोळे पुसले. "बरी हाय," म्हणाले. "रविवारी या. रोडगे हायत आमच्या इथं."

"साऱ्यायच्या समोर? लोक काय म्हनतीन?"

"म्हनू द्या," भाऊ म्हणाले. "कणीक मी मळतो."