धडाडधड रोजी भरणाऱ्या सभेची हकीकत

श्री. ज्या दैवताने कान सुपाएवढे राखिले आणि तोंड सोंडेआड झाकिले, त्यास आधी नमन, की ही हकीकत बोलण्याहून ऐकण्याची आहे. शके सत्राशें, विलंबीनाम संवत्सर, ते काळी एका राज्यात, ज्याचे नाव लिहू नये ऐशी वडिलांची ताकीद आहे, एक आवाज होता. तो ज्यांनी बाळपणी ऐकिला त्यांचे दात पडले, केस गेले, परंतु कानातला आवाज गेला नाही. बाजारच्या पारावर तांबडे पागोटे बांधिलेला उंच गृहस्थ उभा राही, हलगीवर थाप मारी आणि गळा ऐसा मोकळा सोडी की दोन ओढ्यांपलीकडची वासरे कान टवकारीत: "ऐका हो ऐकाऽ! ज्याच्या दारी गाय न्हाई, त्याला दवापाणी सरकारचंऽ! वैद्यानं हयगय केली तर रयतेची सभा हाय, तिथं येऊन सांगाऽ! सभा भरंल धडाडधड रोजी, धडाडधड ठिकाणीऽ! ऐका हो ऐकाऽ!" दिवस आणि ठिकाण तोंडातून निघत, परंतु नेमकी तेथेच हलगी ऐशी कडाडे की शब्द तिच्याखाली चेंगरून जात. मग पोरे अंगणात पोचलेली परात बडवून तेच म्हणत, आणि मोठ्यांच्याही तोंडी ते बसले, कोणी पुसे, "पाव्हणं, पोरीचं लगीन कधी?" तर उत्तर येई, "धडाडधडला!" आणि सासुरवाशीण विचारी, "मामंजी, माहेरी कधी पाठवता?" तर सासरा मिशीत हसून म्हणे, "सभेच्या दुसऱ्या दिवशी." याप्रमाणे सभा कोणी पाहिली नाही, परंतु ठाऊक सर्वांस होती.

याचे मूळ ऐसे. थोरले महाराज स्वारीस निघाले असता वाटेत एक बाई तापाने फणफणलेल्या सासऱ्यास डालीत घालून, डाल डोईवर घेऊन, वैद्याच्या दारातून परत येत होती. महाराजांनी पुसिले, "का परत?" ती बोलली, "दारात गाय न्हाई, वैद्याला द्यावं काय?" महाराजांचे मन कळवळले आणि त्यांनी तेथेच घोड्यावर बसून हुकूम सांगितला की राज्यात आरोग्यछत्र उघडावे, गाय नसलेल्या प्रत्येक घरास लाखेच्या शिक्क्याचे पत्र द्यावे, ते दाखविताच वैद्यांनी उपचार करावा आणि वैद्यांस भरपाई सरकारातून व्हावी. आणि महाराज मोठे जाणते, दोन पावले जाऊन घोडा पुन्हा वळविला आणि बोलले की वैद्य देव नव्हेत, आमचे कारकून तर नव्हेतच, सबब छत्र नीट चालते की नाही ते रयतेनेच पाहावे, मासोमास सभा भरवावी, तीत नऊ गाद्या रयतेच्या मांडाव्या, दार उघडे ठेवावे, दफ्तरातली खोटी नोंद त्या सभेने खोडावी, दुसऱ्या कोणी खोडू नये, आणि दिवस व ठिकाण दवंडी पिटून सांगावे. इतके सांगून महाराज पुढे गेले, आणि काही मासांनी त्याहून पुढे गेले. मग छत्र आणि सभा ही दोन्ही विसोपंत कारभाऱ्यांचे हाती आली. विसोपंत मोठे मृदु, मुंगीवर पाय देण्याआधी तिची क्षमा मागत आणि मग देत. आणि छत्राचे थोरले वैद्य चक्रपाणी हे त्यांचे सख्खे व्याही.

तेव्हा पंतांनी सटवाजी दवंडीवाल्यास, म्हणजे त्याच तांबड्या पागोट्यास, बोलावून जवळ बसविले, सुपारी दिली आणि बोलले, "सटवाजी, महाराजांचा हुकूम म्हणजे हुकूम. शब्द उच्चारलेच पाहिजेत. फक्त दिवस आणि ठिकाण आले की हलगी जरा जोराने येऊ दे. रयतेस ताल आवडतो." सटवाजी बोलला, "पर सरकार, मग लोकांला ऐकू कसं जायाचं?" पंत बोलले, "उच्चारावे असे लिहिले आहे. ऐकू जावे असे कोठे लिहिले आहे? हा कागद, दाखव." सटवाजीस वाचता येत नव्हते. त्याने कागद मोठ्या आदराने उलटा धरिला आणि परत दिला. मग पंतांनी त्याच्या बापाच्या हलगीवर त्याचा हात ठेवविला आणि शपथ घातली की हलगीवर थाप पडल्याविना ते शब्द तोंडातून काढणार नाही, परक्यापाशी नाही, घरच्यापाशीही नाही. मोडल्यास दवंडी जाईल आणि दवंडीमागे मिळालेले दोन खणांचे घरही जाईल. सटवाजीने हात ठेविला. घरात नवी नवरी आली होती, छप्पर लागत होते.

मग सभा मासोमास भरू लागली. नऊ गाद्या झाडून मांडीत, पानदाने ठेवीत, पंत बसत, व्याही बसत, चिटणीस लिहीत: "रयतेपैकी कोणी आले नाही. सबब रयत संतुष्ट." एके दिवशी तिसऱ्या गादीवर एक कबरी मांजर येऊन निजली. चिटणीस खरे लिहिणारा गृहस्थ, त्याने लिहिले, "रयतेपैकी एक हजर. काही बोलली नाही." पुढे ती दर सभेस येऊ लागली, आणि वर्षाअखेर दरबारी कळविण्यात आले की रयतेची हजेरी वाढती आहे.

ऐशी अकरा वर्षे गेली आणि सौम्यनाम संवत्सर आले. सटवाजीची बायको मैनाबाई, तिच्या डोळ्यांवर आधी धुके आले, मग साय आली, मग तांदळातला खडा आणि तांदूळ तिला एक झाले, आणि सटवाजी जेवताना कडाकडा वाजू लागला. शेजारची सुईण पाहून बोलली, "मैना, मोती पिकलाय गं. दिवाळीच्या आत काढला तर काढला, मागनं देवाच्याबी हातात न्हाई." मग मैनाबाई लाखेचे पत्र पदरात बांधून, भिंती चाचपीत, चक्रपाणी वैद्यांचे दारी गेली. तेथल्या गुमास्त्याने दफ्तर उघडून वाचिले: "मैनाबाई, भ्रतार सटवाजी. उजव्या डोळ्याचा मोती काढिला. डाव्या डोळ्याचा काढिला. आणखी एका डोळ्याचा काढिला." मैनाबाई बोलली, "तीन डोळं? आरं लेकरा, मी बाई हाय का म्हादेव?" गुमास्ता बोलला, "दफ्तरात आहेत म्हणजे आहेत. झालेले डोळे पुन्हा होत नाहीत." ती बोलली, "मग खोड की ते." तो बोलला, "खोडणे सभेकडे. सभेत येऊन सांगावे." "सभा कधी असती?" "वा! दवंडी होते की बाजारात. लक्ष देऊन ऐकत जावे." तेव्हा मैनाबाई इतकी हसली की रांगेतले रोगीही हसले, आणि बोलली, "दवंडी व्हय? दवंडी माझ्याच हातची भाकर खाती, बाबा!"

आणि घरी येऊन तिने सटवाजीस पुसिले, "धनी, सभा कधी असती?" सटवाजी भाकरी मोडीत राहिला. "अवं, तुमाला इचारती." सटवाजीने पाणी मागितले. तिने पाणी दिले. तो प्याला आणि पुन्हा भाकरी मोडू लागला. "अकरा वर्सं गावाला वरडून सांगता, आन् बायकोपाशी मुकं?" सटवाजी बोलला, "मैने, दुसरं कायबी इचार." त्या पहाटे ती दळावयास बसली, आणि जाते माणसापेक्षा बरे, त्यास शपथ कोणी घातलेली नसते. ती गायिली:

माझ्या गं धन्याची | हलगी गावभर |
एक नाही खबर | माझ्या दारी ||

हलगी वाजते | गाव सारा डोले |
धनी नाही बोले | उंबऱ्यात ||

सटवाजीने गोधडी डोक्यावर ओढिली. परंतु ओवी गोधडीतून आत येते. सातव्या ओवीस तो उठून बसला आणि डोळे पुशीत बोलला, "बापाच्या हलगीवर हात ठिवून शपथ हाय गं. थाप पडल्याबिगर त्यो शब्द काढायचा न्हाई. काढला तर हे छप्पर जातंय." जाते थांबले. मैनाबाईने पीठ बोटाने सारखे केले आणि पुसिले, "थाप पडल्याबिगर. एवढंच?" "एवढंच." "थापेचा आवाज किती मोठा पायजे, त्ये काय ठरलंय?" "त्ये काय ठरवायचं? माझी थाप हाय!" असे तो छाती काढून बोलला. "बरं," मैनाबाई बोलली, आणि जाते पुन्हा फिरू लागले, आणि पुढे कित्येक दिवस तिने तो विषय काढिला नाही. सटवाजीस वाटले, विसरली.

मग दवंडीचा बाजार आला. आदल्या दिवशी मैनाबाईने हलगी पाण्याच्या रांजणात बुडविली, सकाळी काढून पदराने वरवर पुसून खुंटीस लाविली, आणि तांबडे पागोटे पिठाच्या डेऱ्यात दडविले. हलगीचे कातडे विस्तवावर शेकावे तेव्हा बोलते, हे सटवाजीस मैनाबाईने शिकवावे लागत नव्हते. परंतु पागोटे शोधता शोधता ऊन वर आले, आणि तो पिठाने पांढरे झालेले पागोटे तसेच बांधून, हलगी न शेकताच, पारावर धावत गेला. बाजार भरला होता. पंतांचा कारकून नेहमीप्रमाणे निंबाच्या सावलीत उभा, हलगी ऐन जागी वाजते की नाही ते ऐकावयास. सटवाजीने थाप मारिली. हलगी बोलली, भद्. जणू ओल्या मातीत खरबूज पडले. बाजार हसला. भांडी विकणारी गजराबाई ओरडली, "सटवाबा, हलगीला पडसं झालं का काय?" दुसरा बोलला, "लाखेचं पत्र असंल तर छत्रात न्या तिला!" तिसरा बोलला, "तिचाबी तिसरा डोळा काढत्याल!" कारकून सावलीतून दात आवळून बोलला, "सटव्या, लोहाराच्या भट्टीवर शेकून आण. आधी शेकून आण!"

सटवाजीने हलगी उलटी केली. कडेवरून एक थेंब घरंगळला आणि त्याच्या अंगठ्यावर पडला. मग त्याने मान वर केली. बाजारात, गर्दीच्या पुढे, मैनाबाई उभी होती. डोईवर नीट पदर, हातात लाखेचे पत्र, आणि तोंड त्याच्याकडे करावयाचे म्हणून केळीवाल्याकडे केलेले. केळीवाला गोंधळून तिला नमस्कार करीत होता. भट्टी वीस पावलांवर होती. दोन खणांचे घर मनात त्याहून जवळ होते. त्याने हलगी खांद्याशी लाविली, गळा मोकळा केला, आणि "ऐका हो ऐकाऽ" पासून आरंभ करून गाय, दवापाणी, हयगय, सभा, सारे क्रमाने म्हणत त्या जागेवर आला. कारकून धावत निघाला. सटवाजीने शपथेप्रमाणे थाप मारिली, भद्, आणि पुढला शब्द काढिला, आणि अकरा वर्षांत प्रथमच बाजारात कोणी हसले नाही.

पुढली हकीकत थोडक्यात ऐसी. नऊ गाद्या पुरेनात, तेव्हा लोक भुईवर बसले. मांजर मात्र उठली नाही, तिचा हक्क जुना. मैनाबाईच्या नावचे तीन डोळे खोडिले आणि दिवाळीच्या आत दोन खरे उघडिले, दुसऱ्या वैद्याकडून. चक्रपाणी वैद्यांचे दफ्तर दरबारी गेले, तेथे एका गावात माणसांच्या दुपटीहून गुडघे अधिक निघाले. विसोपंतांस हत्तीखान्यावर पाठविले, जेथे पाय कोणावर द्यावा हे त्यांनी ठरवावयाचे नसते. सटवाजीचे छप्पर पंतांच्या शेवटल्या हुकुमाने गेले, ते पुढल्या सभेच्या पहिल्या ठरावाने आले. मधला एक मास दोघे गजराबाईच्या ओसरीवर राहिली, आणि जेवणात एकही खडा निघाला नाही, कारण तांदूळ सटवाजी निवडीत होता. ऐसी ही हकीकत, जशी ऐकिली तशी लिहिली. सटवाजीचे त्या दिवशीचे शब्द तेवढे राहिले, ते अक्षरशः येणेप्रमाणे:

"सभा आज हाय. आत्ता हाय. तुमच्या पाठीमागं, ह्याच पारामागच्या जुन्या पागेत. दर म्हैन्याला, अमुशामागच्या पयल्या बाजारी, हितंच भरती. अकरा वर्सं मी ती हलगीखाली झाकली. दार उघडं हाय, चला समदी. मैने, तिकडं न्हवं गं. डाव्या हाताला वळ. चार पायऱ्या हाईत. तिसरी मोडकी हाय, जपून."