घोंगडीचा सोफा

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, सोफ्याच्या तीन दुकानांनी पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं आहे. एक केडगावचं, एक दौंडचं, एक शिरूरचं. कारण एकच. आबा सोफ्यावर बसायचे नाहीत. आधी वाकून त्याचा वास घ्यायचे, मग शिवणीतून नखानं एक धागा ओढायचे आणि खिशातली काडेपेटी काढून तो पेटवायचे.

"केस जळल्यावानी वास आला तर लोकर," ते दुकानदाराला समजावून सांगायचे. "ह्यो बघ, मेणावानी गळतुया. प्लॅस्टिक हाय."

दौंडचा दुकानदार म्हणाला, "आबा, लोकरीचा सोफा कुठंच मिळायचा न्हाई. आन् दुकानाला आग लागली म्हंजी?"

"लोकर पेटत न्हाई, विझती. पेटतं ते प्लॅस्टिक. तवा भ्या तुला, मला न्हाई."

मी दाराशी पदर तोंडात धरून उभी असायची. आबांना वाचता येत नाही आणि माझी चौथी झालेली, म्हणून एसटीच्या पाट्या वाचायला ते मला बरोबर न्यायचे. घरात माझं शिक्षण एवढंच कामाला आलं.

प्लॅस्टिक हा आबांचा लाडका शब्द. पिशवीतलं दूध प्लॅस्टिक, टीव्हीतलं रडणं प्लॅस्टिक. फोनवर कुणी फार गोड बोललं, की फोन खाली ठेवून म्हणणार, प्लॅस्टिक. आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. आता मेंढरं गेली, ऊस आला. पण जे मेंढराच्या अंगावर उगवलं नाही त्याचा संशय आबांच्या मनातून गेला नाही.

सोफ्याचं वेड मात्र नवीन. माझे थोरले दीर हडपसरला असतात. त्यांच्या मुलीचं, प्रियांकाचं, लग्न जमलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, दोघांचं आपापसात ठरलेलं, फक्त मोठ्यांनी शब्द द्यायचा राहिला होता. आमच्यात सोयरिकीचा शब्द घोंगडी अंथरून, तिच्यावर दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसवून देतात. घोंगडीवरचा शब्द फिरत नाही म्हणतात. माझाही तसाच दिला होता. मला कुणी विचारलं नव्हतं, पण शब्द फिरला नाही हे खरं.

आबांनी दिरांना सांगितलं, बैठक कासुर्डीला आपल्या घरी घे. दीर म्हणाले, "ती शिकलेली माणसं आहेत आबा, त्यांना खाली कसं बसवायचं? घरात धड सोफा असता तर तिथंच घेतली असती."

हे टाळायला म्हटलेलं होतं. मला कळलं, माझ्या मालकांना कळलं. आबांना कळलं नाही. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "घोंगडीचाच सोफा करू. त्यांचंबी खरं, आपलंबी खरं."

तीन दुकानं झाल्यावर चौफुल्याजवळ एक सोफे बनवणारा सापडला, उत्तरेकडचा. आबांनी पेटीतली घोंगडी नेली. आपल्याच मेंढरांच्या लोकरीची, काळी, पांढऱ्या काठाची. चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळं फळीसारखी ताठ.

तो हात फिरवून म्हणाला, "चाचा, ये तो चुभेगा."

"चुभेगा," आबा खूश होऊन मला म्हणाले. "आईक. ह्येला कळतंय."

मग त्यांनी अट घातली. घोंगडीला कात्री लावायची नाही. कापलेल्या घोंगडीवरचा शब्द धरत नाहीत. कारागिरानं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. शेवटी त्यानं न कापता घड्या घालून घालून ती बसवली आणि उरलेली सगळी पाठीमागं कोंबली. सोफ्याला मागून पोक आलं. टेम्पोतून उतरवताना आमचे मालक म्हणाले, "आबा, सोफा आणलाय का मेंढा?"

"मेंढाच हाय. नुसता बसलाय."

पुढचा आठवडाभर गल्लीतनं जाईल त्याला आबांनी हाक मारून सोफ्यावर बसवलं. भाजीवालीला बसवलं, लाईटचं मीटर बघायला आलेल्या माणसाला बसवलं. "टोचतंय का?" विचारायचे. नाही म्हटलं तर म्हणायचे, "जरा हल की मग."

बैठकीचा रविवार आला. आबांनी सकाळीच फेटा बांधला. व्याही कुठं, थोरला कुठं, हे हातानं दाखवून ठेवलं. मी पहाटेच पुरण शिजवलेलं. दहाच्या सुमारास जाऊबाईंचा फोन आला.

"अगं, इकडंच हॉटेलात ठरवलंय. त्यांना कासुर्डी लांब पडते. आबांना व्हिडिओवर घेऊ ना आपण, काळजी करू नको."

हडपसरहून कासुर्डी लांब पडते हे मला नवीन होतं. इथून माणसं रोज तिकडं कामाला जातात आणि जेवायला घरी येतात.

मालक मळ्यात निघून गेले. बाराच्या सुमारास व्हिडिओ लागला. फोन मीच धरला होता. आबा सोफ्याच्या एका कडेला ताठ बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "म्या घोंगडीवर बसलोय बरं का. आमच्याकडनं पोरगी दिली."

तिकडं ताटांचा आवाज होता. व्याह्यांनी हात जोडले. "हो हो, नमस्कार काका." मग बाजूला वळून विचारलं, "काय म्हणाले?"

दिरांचा आवाज आला. "काही नाही, आशीर्वाद देतायत."

मग कुणीतरी फोन केककडं फिरवला. केक कापला, टाळ्या झाल्या आणि फोन बंद पडला.

आबा उठले नाहीत. शेजारची जागा तशीच मोकळी सोडून बसून राहिले. मी आत जाऊन पुरणावर झाकण ठेवलं. तेवढ्यात हाक आली.

"पोरी, हिकडं ये. बस हितं."

बावीस वर्षांत मी आबांसमोर कधी बसलेली नाही. ते ओट्यावर आले की मी उठते. मी उभीच राहिले.

"एकट्यानं शब्द व्हत न्हाई," आबा म्हणाले. "समोर माणूस लागतं. तू त्यांच्याकडनं बस."

मी अगदी टोकाला बसले. साडीतूनही घोंगडी टोचत होती. आबांनी फेटा नीट केला आणि माझ्याकडं वळून बसले. मला अहोजाहो करून म्हणाले, "आमची प्रियांका तुमच्या घरात दिली. आई-बापानं लाडात वाढवलीय, तिला कामाचं कळत न्हाई. तिला जपा. चुकली तर चारचौघांत बोलू नका."

एवढं बोलून ते थांबले. उत्तर मिळाल्याशिवाय ते उठणार नव्हते.

मी पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाले, "जपू."