नानांचा रुसका जावई

शिंदखेड्याला आमच्या शेजारच्या ओट्यावर नानांच्या दोन खुर्च्या असत. एकीवर नाना, दुसरीवर त्यांचा उजवा गुडघा. तिथे चुकून कोणी टेकलं की नाना ओरडत, "ऊठ! जवाईनी जागा शे ती!"

जावई म्हणजे गुडघा. न कळवता येतो, आला की फुगून बसतो आणि सगळ्या घराला नाचवतो. घर म्हणजे तरी कोण? कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले, मूलबाळ नसलेले विधुर नाना एकटेच.

गल्लीतल्या जाणकारांनी 'गाऊटच हा, युरिक अ‍ॅसिड वाढलंय' म्हणत त्यांची डाळ बंद केली. वरण-बट्टीवाचून नाना अर्धे झाले, गुडघा मात्र दुप्पट. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "सुईने पाणी काढून तपासू." "जवाईले कोनी सुई टोचस का?" म्हणत नाना तिथूनच परत फिरले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके घेतात. माझ्या बायकोचे, सुनंदाचे, आईवडील लहानपणीच गेलेले; तिला बोलावणारं कोणी नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला नानांनी दारातल्या निंबाला झोका बांधला आणि तिला हाक मारली. तेव्हापासून दरवर्षी तो झोका ठरलेला. यंदा सण आठवड्यावर आला आणि गुडघा टम्म!

"राहू द्या नाना, यंदा नको झोका," सुनंदा म्हणाली. म्हणाली खरी, पण डोळे निंबाकडेच.

दुसऱ्या सकाळी नाना मला म्हणाले, "भाऊ, धुयाले चाल डाक्टरकडे. टोचू दे."

डॉक्टरांनी गढूळ पिवळं पाणी काढलं, सांध्यात इंजेक्शन दिलं. नानांनी माझा हात असा आवळला की माझीच बोटं सुजायची वेळ आली. पाणी तपासून डॉक्टर म्हणाले, "हा गाऊट नाही, स्यूडोगाऊट. सांध्यात कॅल्शियमचे बारीक खडे झालेत. गोळ्या घ्या, बर्फाने शेका, पायाला आराम द्या. डाळीचा काही संबंध नाही."

एवढ्या भाषणातलं नानांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. त्या संध्याकाळी त्यांच्या घरून तुपात तळलेल्या बट्टीचा वास गल्लीभर पसरला.

बर्फ गल्लीतल्या कुल्फीवाल्याने पुरवला. आखाजीपर्यंत सूज उतरली, पण झाडावर चढायला बंदी. मग मी चढलो. खालून नानांचे हुकूम चालूच, "गाठ पक्की मार! मनी पोरना झोका शे!"

नानांची ती पोर, सुनंदा, झोक्यावर बसली, उंच गेली, खळखळून हसली. मी घामाघूम होऊन ओट्यावर आलो. नानांनी दुसऱ्या खुर्चीवरचा पाय हळूच खाली घेतला, धोतराच्या सोग्याने ती पुसली.

"बसा, जवाईबापू," नाना म्हणाले.