बेटावरील मेंढ्यांच्या जोडीची हकीकत

श्री. जे घडले ते घडले तैसे लिहितो. जेथे राग आला तेथे रागही लिहिला आहे, वाचणारांनी सोसून घ्यावे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, श्रावण मासी, समुद्रातील एका बेटावर चौघांचे राज्य होते. हे राज्य संगणकाच्या पडद्यावरील, खेळातले. तेथे माती चौकोनी, झाडे चौकोनी आणि सूर्यही चौकोनीच उगवे. चौघेही पूर्वी एका वसतिगृहात राहून एकाच मेसमध्ये जेवलेले, आणि मग नोकरीधंद्यानिमित्त चार गावी पांगले; शलाकाबाई इचलकरंजीस, रणधीरराव होसुरास, सौमित्रपंत भुसावळास आणि प्रस्तुत लेखक नाशकास. दर रविवारी दुपारी दोन तास कानास यंत्र लावून या राज्यात भेटावे, घरे बांधावी आणि बोलावे, एवढीच काय ती गाठभेट उरली होती.

बेट देखणे, परंतु त्यावर जनावर एक नाही. झऱ्याकाठी दोन वाफे गहू होई, त्याचे पाव करून सामाईक पेटीत ठेवावे आणि ज्यास भूक लागेल त्याने घ्यावे, असा ठराव होता. पेरणी मात्र शलाकाबाईंनीच करावी आणि पेटी रणधीररावांनीच रिकामी करावी, असे चालले, आणि भुकेने माणसे मरू लागली. या खेळात मेलेला पुन्हा उठतो खरा, परंतु हातचे सर्व सामान गमावून उठतो, आणि मग उरलेल्यांनी त्याचे सामान शोधीत फिरावे. मग सभा भरली आणि ठरले की पलीकडच्या मोठ्या भूमीवरून मेंढ्यांची एक जोडी आणावी, जोडीस गहू चारला म्हणजे कोकरू होते, कोकरांचा कळप होईल आणि अन्नाची ददात मिटेल. आणण्याचे काम शलाकाबाईंनी पत्करिले आणि कुंपण घालण्याचे आम्ही तिघांनी.

मग बाईसाहेब निघाल्या. मेंढी हाकलता येत नाही. हातात गव्हाची पेंढी धरावी आणि तिच्याकडे तोंड करून उलटे चालावे, म्हणजे ती मागे येते, आणि मध्येच तिला काय वाटते ते तिचे तिला ठाऊक, उभी राहते. पहिल्या रविवारी एक मेंढी दरीत पडली आणि बाई परत जाऊन दुसरी घेऊन आल्या. होडीत माणूस एक आणि मेंढी एक एवढेच मावते, म्हणून समुद्र दोनदा ओलांडिला. ऐसे तीन रविवार गेले आणि जोडी बेटावर उतरली, तो कुंपणाचा एक खांबही रोविलेला नाही. सौमित्रपंत आपल्या मनोऱ्याचा सहावा मजला चढवीत होते, रणधीरराव पोहत होते आणि आम्ही घरापुढे फुलझाडे लावीत होतो. ती फुले बेटास आवश्यकच होती, असे आमचे आजही मत आहे.  बाईंनी स्वहस्ते लाकूड तोडून कुंपण घातले आणि वर पाटी लाविली: "कोकरं होईपर्यंत यांना कोणी मारू नका."

पुढल्या रविवारी शलाकाबाईंस दवाखान्यात जादा काम निघाले आणि त्या आल्या नाहीत. त्याच दुपारी रणधीररावांनी एक मेंढी मारिली आणि भाजून सामाईक पेटीत ठेविली. सौमित्रपंतांनी मनोऱ्यावरून हे सर्व पाहिले, परंतु काही कारण असेल असे समजून ते विटा रचीत राहिले. आम्ही पेटीतील दोन तुकडे खाल्ले. ते कोठले, हे आम्ही विचारिले नाही. आठवड्याने बाई आल्या आणि कुंपणात एकच मेंढी पाहिली. दुसरी कोठे, असे त्यांनी विचारिले, तेव्हा रणधीरराव अगदी शांतपणे म्हणाले,

"अगं, एकच मारली. एक ठेवलीय की."

"रणधीर, एकटीला कोकरू कसं होणार?"

  मग शलाकाबाई म्हणाल्या, "तीन रविवार मी उलटी चालत होते. मेसमध्येही ताटं मीच उचलायची," आणि राज्यातून निघून गेल्या. पुढल्या रविवारी आल्या नाहीत, त्यापुढल्याही नाही, आणि फोन केला तर कामात आहे एवढेच म्हणत.

तेव्हा आमचे डोळे उघडले, आणि आम्ही तिघांनी कुंपणात जाऊन, उरलेल्या मेंढीस साक्षी ठेवून, दुसरी आणावयाची शपथ वाहिली आणि कूच केले. बाईंनी एकटीने जे तीन रविवारांत दोनदा केले, ते एकदा करण्यास तिघांस चार रविवार लागले. एकदा अर्ध्या डोंगरात मेंढी फिरली, पाहावे तो रणधीररावांनी पेंढ्यांचे पाव करून खाल्लेले. एकदा सौमित्रपंतांनी वाटेत पूल बांधावयास घेतला, तो कोणी सांगितला नव्हता. शेवटी मेंढी होडीत चढली, आणि आम्ही शलाकाबाईंस फोन करून फार विनविले की एकदा येऊन पाहा. त्या आल्या. चौघे मिळून कुंपणापाशी गेलो, तो दार सताड उघडे आणि आतली मेंढी नाहीशी. म्हणजे पुन्हा एकच.

बाईंनी विचारिले, "दार कोणी उघडं ठेवलं?"

रणधीरराव म्हणाले, "मी असेन. माफ कर."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांचे तोंडून आम्ही प्रथमच ऐकिला. शलाकाबाई म्हणाल्या, "पेंढ्या घ्या. चौघंही चला. आणि रणधीर, तू सगळ्यात पुढे, रिकाम्या हातानं." त्या दिवशी डोंगर चढता चढता पुष्कळ बोलणे झाले, भांडणही झाले, आणि बाई दोनदा हसल्या.

सारांश इतकाच, की आजमितीस कळप चौदांचा आहे, पेरणीस पाळ्या लाविल्या आहेत आणि दोन पाळ्या आतापावेतो चुकल्या. दाराचा दोष मात्र रणधीररावांचा नव्हे. मोहिमेस निघतेवेळी कुंपणातून सर्वांमागून बाहेर पडले ते प्रस्तुत लेखक, आणि बाईंनी विचारिले तेव्हा गप्प राहिले तेही तेच. ही बखर येत्या रविवारी चौघांत वाचून दाखवावयाची आहे.