बाटलीत किती वाजले

तिसरीच्या सरांना पाणी प्यायची आठवण राहत नसे. उन्हाळ्यात निदान घसा ओरडायचा. थंडी पडली की तोही गप्प बसायचा. मग सकाळच्या चहावर घराबाहेर पडलेले सर थेट संध्याकाळच्या चहाला भेटत. गेल्या आठवड्यात फळ्यावर गणित मांडता मांडता त्यांच्या पोटरीत असा गोळा आला की खडू हातात धरून ते खालीच बसले. डॉक्टरांनी ओठ पाहिले, जीभ पाहिली आणि विचारलं, "आज पाणी किती प्यायलात?" सर आठवत राहिले. डॉक्टरांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

सरांच्या पत्नीची हयात औषधांच्या दुकानात गेली होती. पातळ औषधं तयार करायची, बाटलीला डोसाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि गिऱ्हाइकाला दम भरायचा, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर दीड लिटरची काचेसारखी स्वच्छ बाटली उभी होती. तिच्यावर वरून खाली कागदी पट्ट्या होत्या आणि प्रत्येकीवर ठसठशीत अक्षरात वेळ: दहा, अकरा, बारा, एक, दोन, तीन आणि तळाला चार.

"जितके वाजतील तितक्या पट्टीपर्यंत पाणी उतरलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

"आणि नाही उतरलं तर?"

"तर घरी बसायचं. नाहीतरी निवृत्तीला दीडच वर्ष उरलंय, ती आधी घ्यायची. मला फळ्याखाली पडलेला नवरा नकोय."

"अगं, पडलो नव्हतो. बसलो होतो."

"खुर्ची दोन हातांवर होती म्हणे."

सरांनी बाटली पिशवीत ठेवली. डोसाच्या बाबतीत ही बाई कुणाला सोडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि घरी तर त्यांना मुळीच बसायचं नव्हतं. यंदाची तिसरी त्यांच्या फार जवळची होती. पंचवीस मुलं, आणि प्रश्न विचारायचा अवकाश, की सव्वीस हात वर. एकजण नेहमी दोन्ही हात वर करायचा.

पहिले दोन दिवस सर अगदी पट्टीबरहुकूम प्यायले. शाळेची घंटा वाजवणाऱ्या मावशी दारावरून जाता-येता बघत. अकराची घंटा झाली की पाणी अकरावर, बाराची झाली की बारावर. "सर, तुमचं पाणी म्हणजे घड्याळ आहे हो," त्या कौतुकाने म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की समोरच्या झाडालाही अंदाजानेच झाड म्हणायचं. मोठ्या बाई सकाळीच सगळ्यांचे फोन जमा करून प्रशिक्षणाला बाहेर गेल्या होत्या. शाळेच्या वेळात शिक्षकांचे फोन त्यांच्या कपाटात ठेवायचे, हा त्यांचा नियम. आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये, हा त्यांचा स्वभाव. नेमकं त्याच दिवशी सव्वानऊला ओसरीवरचं घड्याळ बंद पडलं. त्याचा सेल बदला म्हणून मोठ्या बाईंनी मावशींना तीनदा बजावलं होतं. आता वेळ विचारायला जावं, तर सेलाचं बिंग फुटणार. मावशींनी क्षणभर विचार केला आणि तिसरीच्या दाराच्या काचेतून डोकावून बाटली पाहिली. पाणी काठोकाठ होतं. म्हणजे अजून दहा वाजायचे होते. मावशी निश्चिंत मनाने शेगडीपाशी जाऊन बसल्या.

आत सर रंगात आले होते. मनगटी घड्याळ ते वर्गात घालतच नसत. शिकवताना घड्याळ बघणं म्हणजे जेवताना पाहुण्याने चपलांकडे बघणं, असं त्यांचं मत. त्यांनी मुलांना खिडकीच्या काचेवर फुंकर मारायला लावली.

"काय दिसतंय?"

"वाफ."

"वाफ म्हणजे काय?"

"पाणी," चष्मेवाली म्हणाली. पहिल्या बाकावर बसणारी ही मुलगी बोलायच्या आधी चष्मा वर सरकवत असे.

"शाबास. थंडीत घाम येत नाही, म्हणून आपल्याला वाटतं, पाणी कुठे जातंय? ते असं जातंय, प्रत्येक श्वासाबरोबर. आणि तहान मात्र पांघरुणात झोपलेली. म्हणून तिने हाक मारायच्या आधीच प्यायचं."

असं म्हणून सर स्वतः प्यायचं विसरले. वाफेवरून ते ढगाकडे गेले, ढगावरून बर्फाकडे, बर्फावरून मापांकडे. तास संपेचना. आज तासाला भलतीच बरकत आहे, असं सरांना वाटलं. मुलांच्या पोटात मात्र कावळे ओरडू लागले होते. शेजारच्या वर्गात पहिलीच्या बाईंचं 'एक ते शंभर' चौथ्यांदा चालू होतं. त्यांचं घड्याळ हातात होतं, पण त्यावर दोन स्वेटर आणि एक कोट होता, आणि घंटेवर त्यांचा विश्वास होता.

चष्मेवालीला काहीतरी दिसलं. मावशी दाराशी येतात, सरांकडे नाही, बाटलीकडे बघतात, मान हलवतात आणि जातात. एकदा, दोनदा, तीनदा. तिने चष्मा वर सरकवला.

"सर, तुम्ही पाणी नाही प्यायलात."

"अरेच्चा, खरंच की." सरांनी बाटली उचलली आणि दहाच्या पट्टीपर्यंत आणली. मावशी डोकावल्या. दोन मिनिटांत घंटा झाली.

चष्मेवालीने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजारणीने मागे सांगितलं.

"सर, अजून थोडं प्या ना. तुम्ही किती वेळ बोलताय."

"सर, तुमचे ओठ सुकलेत."

"सर, श्वासातून जातंय सगळं."

सरांना भरून आलं. एवढीशी पोरं, पण जीव लावतात. ते अकरापर्यंत प्यायले. घंटा झाली. बारापर्यंत प्यायले. मोठी घंटा झाली आणि सगळी शाळा डबे घेऊन बाहेर पळाली.

मधल्या सुट्टीत सरांनी घास गिळून बाटलीकडे हात नेला, तर पाच-सहा जण भोवती उभे.

"सर, जेवताना पाणी पिऊ नये. अन्न पचत नाही."

"कोण म्हणतं?"

"माझी आजी."

"माझीपण," आणखी दोघे म्हणाले.

तीन आज्यांपुढे सरांनी माघार घेतली. सुट्टी लांबत गेली. मुलांचे दोन खेळ खेळून झाले, तिसरा भांडणात संपला, चौथ्याला कुणाच्या अंगात त्राण उरलं नाही. तेव्हा चष्मेवाली स्वतःच येऊन म्हणाली, "सर, आता प्यायला हरकत नाही." एकची घंटा झाली. मग दोनची. तीनची. मध्ये सर दोनदा मोरीकडे जाऊन आले आणि वर्ग तेवढ्यापुरता विनातक्रार शांत बसला. शेवटचा घोट सरांनी उभ्याने घेतला. टाळ्या पडल्या. शाळा सुटली.

सर रिकामी बाटली झेंड्यासारखी धरून घरात शिरले. "बघ, थेंब नाही."

पत्नीने बाटली पाहिली, मग भिंतीवरचं घड्याळ. "दोनला दहा कमी आहेत."

"तुझं घड्याळ मागे असेल."

"हे घड्याळ रोज मी लावते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई वर्गात आल्या त्या हाताची घडी घालूनच. मागे मावशी खाली मान घालून उभ्या होत्या.

"सर, काल शाळा अडीच तास आधी सुटली. मावशी म्हणतात, तुमच्या बाटलीत चार वाजले होते. मी वर काय कळवू?"

सरांनी वर्गाकडे पाहिलं. पंचवीस माना वहीत गेल्या. "हे कुणाला माहीत होतं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

चष्मेवाली उभी राहिली. "सर, मला. आधी मी मावशींना तीनदा बघितलं. मग वाटलं, पाणी खाली गेलं की घंटा होते. पण नुसतं वाटून चालत नाही, म्हणून आम्ही करून बघितलं. दहाला झाली, अकराला झाली, बाराला झाली. मग सुट्टीत पाणी खाली नाही जाऊ दिलं, तर नाही झाली."

सर तिच्याकडे बघत राहिले. चौतीस वर्षं ते हेच शिकवत आले होते: बघा, अंदाज करा, करून पाहा, उलटंही करून पाहा. "बाई," ते म्हणाले, "शिक्षा मलाच करा. हिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील."

मोठ्या बाईंना हसू आवरायला खिडकीबाहेर बघावं लागलं. शेवटी बुडालेले तास पुढच्या दोन शनिवारी भरून काढायचे आणि सेल आत्ताच्या आत्ता बदलायचा, असं ठरलं.

संध्याकाळी सरांनी घरी सगळं खरं सांगितलं. आता निवृत्ती अटळ, असं धरून ते खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"म्हणजे मुलांनी सांगितलं आणि तुम्ही दीड लिटर प्यायलात."

"हो. घाईघाईने. चुकलंच."

"घाईचं चुकलं, ते बघता येईल. पण रविवारी घरी किती पिता, माहीत आहे? मी मोजते. अडीच पेले. त्यातला दीड मी मागे लागून." त्यांनी बाटली धुवायला घेतली. "तुम्हाला घरी बसवलं तर थंडीत वाळत घातलेल्या मोज्यासारखे कडक व्हाल. शाळा सोडायची नाही. दीड वर्ष पुरं करायचं, आणि त्यापुढे आणखी ठेवून घेतात का, तेही विचारायचं."

सर खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

रविवारी सकाळी दहाला दार वाजलं. कानटोप्या घातलेली तीन मुलं उभी होती, पुढे चष्मेवाली.

"काकूंनी पाळ्या लावून दिल्यात," ती म्हणाली. "दर रविवारी तीन-तीन जण. सर, हा घ्या पेला. हळूहळू प्यायचं. तुम्ही चार पेले प्यायलात की आम्ही घरी जाऊ."

"आणि नाही प्यायलो तर?"

तिने चष्मा वर सरकवला. "तर आम्हाला इथेच थांबावं लागेल, सर."

सरांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. मग ओठांपर्यंत नेलेला पेला हळूच खाली ठेवला आणि तिघांसाठी तीन खुर्च्या पुढे ओढल्या.