शंकरप्पांचं बिनआवाजी कॅबिनेट

या, असं पुढं सरकून बसा. सोलापूरच्या शंकरप्पांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट, म्हणजे त्याची बाहेरची पेटी, पारखून घेतलं, त्याची गोष्ट ऐकवायची आहे.

शंकरप्पा देवळातली कीर्तनं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत. ही त्यांची सेवा. पण गेल्या खेपेचं ऐकून बुवा म्हणाले, "माझ्या आख्यानात ही पिठाची गिरणी कुणी चालवली? पुन्हा असं होणार असेल तर राहू द्या ते रेकॉर्डिंग."

सेवा जाणार म्हणून शंकरप्पा तडक निघाले. त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बिलालला गाठलं. "आतल्या पंख्याची घरघर हाय बाबा ती. गार राहील अन् मुकं बसंल असं कॅबिनेट दे."

भर दुपारी बिलाल नवं कॅबिनेट घेऊन घरी आला. चाचणी चोख व्हावी म्हणून शंकरप्पांनी कूलर बंद केला, छताचा पंखा बंद केला, शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट नको म्हणून खिडक्याही लावल्या. बिलालने मशीन नव्या कॅबिनेटात बसवलं, त्याला भरपूर काम लावलं आणि काही वेळानं झाकणावर हात ठेवला.

"एकदम गार, काका. घाम फक्त आपल्यालाच."

"आता आवाज. कीर्तनाला बसतो तसाच बसून ऐकतो." शंकरप्पांनी मांडी घातली, भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले.

जरा वेळानं सुरू झालं, घर्रर्र!

बिलालने मागचा पंखा काढला. घर्रर्र. पुढचा काढला. घर्रर्र. शेवटी वायरच उपटली. मशीन विझलं, घरघर मात्र आणखी रंगली. दोन्ही हातांत पंखे धरून बिलाल बघतच राहिला.

तेवढ्यात शंकरप्पांच्या पत्नी निंगव्वा ताक घेऊन आल्या. "त्या डबड्याला कशाला सोलतोस रं? आमचं हे घोरायलेत की!"

"काकू, कीर्तनात माईक कुटं असतो?"

"ह्यांच्या मांडीपाशी."

बिलालने हातातले पंखे हळूच खाली ठेवले. शंकरप्पा दचकून जागे झाले. "घावला का बिघाड? माझी सेवा ऱ्हाईल का?"

खरं सांगितलं असतं तर हा माणूस लाजेनं देवळाची पायरी चढला नसता. बिलाल म्हणाला, "घावला, काका. ह्या मशीनजवळ माणूस बसला की बिनसतंय बगा. तुमी बुवांच्या मागं झांज घेऊन उभं राहा. माईक काकू सांभाळतील, जरा लांबून."

पुढचं रेकॉर्डिंग स्वच्छ निघालं. बुवांनी पाठ थोपटली. पण शंकरप्पांचा आनंद निराळाच होता. घरी येता येता ते म्हणाले, "निंगव्वा, आख्यानाच्या शेवटाला देव स्वतः येतो की गं! इतकी वर्षं मला कुणी बोललंच न्हाय!"

तर मंडळी, कीर्तनात पापणी जड झाली, की एका भल्या माणसाची लाज राखणाऱ्या त्या बिलालची तेवढी आठवण काढा.